टप्पे मोजता आले म्हणजे पाढा आला असं नाही

पाढे घोकून घ्यावेत की नकोत, हा वाद महाराष्ट्रात संपायचं नाव घेत नाही. एक बाजू म्हणते, तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घ्या, समज मागून येईल. दुसरी म्हणते, घोकंपट्टी बंद करा, मुलांना दोन-दोनच्या, पाच-पाचच्या टप्प्याने मोजू द्या, पाढा आपोआप तयार होईल. इंग्लंडमध्ये टप्प्याने मोजणं अभ्यासक्रमातच आहे. तिथले वर्ग पाहून माझं ठाम मत झालंय, की ते ‘आपोआप’ही खरं नाही आणि ते ‘मागून’ही.

इंग्लंडमधला क्रम असा. इयर वनमध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या वयात, २, ५ आणि १० च्या टप्प्याने मोजायचं. इयर टूमध्ये याच तिघांचे पाढे आणि शिवाय ३ चा टप्पा. इयर थ्रीत ३, ४ आणि ८ चे पाढे. ४ म्हणजे २ ची दुप्पट, ८ म्हणजे ४ ची, म्हणून हे जवळजवळ ठेवलेत. इयर फोरमध्ये १२ × १२ पर्यंत सगळं पूर्ण, आणि वर्षाच्या शेवटी संगणकावर चाचणी: २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. २०२२ पासून ती सरकारी शाळांना सक्तीची आहे.

आता ७ × ८ घ्या. ज्या मुलाला फक्त टप्पे येतात ते ७ पासून निघतं, १४, २१, २८ करत बोटं मोजत जातं आणि ४२ च्या आसपास वेळ संपते. त्यात एक टप्पा चुकला की पुढचे सगळे चुकतात. शिवाय ‘३, ६, ९, १२’ हे मूल गाण्यासारखंही म्हणू शकतं. त्याला मध्येच थांबवून विचारा, ‘१२ म्हणजे किती तीन झाले?’ बरीच मुलं गप्प होतात. साखळीत फक्त उत्तरं आहेत. कितवी उडी, हे त्यात कुठेच नाही. ‘तीन चोक बारा’मध्ये तिन्ही संख्या आहेत. पाढ्याचं हे बळ टप्प्यांच्या बाजूने बोलणारे विसरतात. आणि घोकणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही, की ज्या मुलाने तीन-तीनचे चार गट कधी हाताळलेच नाहीत, त्याला ‘तीन चोक’ विसरलं तर ‘तीन त्रिक नऊ, आणखी तीन’ असं म्हणून बारापर्यंत पोचायचा रस्ताच नसतो.

म्हणून दोन्हींच्या मधला पूल बांधावा लागतो, आणि तो घाईने बांधून चालत नाही. सुरुवात वस्तूंनी करावी. बारा मणी किंवा बिया घ्याव्यात, दोन-दोनच्या जोड्या लावाव्यात. मुलाने प्रत्येक मण्याला बोट लावत मोजावं: एक हळू, दोन मोठ्याने, तीन हळू, चार मोठ्याने. दोन-चार दिवसांनी हळू म्हणायचे आकडे मनातल्या मनात, आणि मग फक्त २, ४, ६. घाईने थेट २, ४, ६ म्हणायला लावलं, तर मुलाला मधले मणी गेले कुठे हे कळत नाही.

मग संख्यारेषा. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली: मूल ज्या आकड्यावर उभं आहे तोच पहिला म्हणून मोजतं. ३ वरून तीन पुढे जायचं असताना ‘तीन, चार, पाच’ म्हणत ते ६ ऐवजी ५ वर पोचतं. दुसरी: शून्यालाही एक बोट देतं, आणि ‘पाचच्या चार उड्या’ विचारल्यावर ०, ५, १०, १५ म्हणून १५ वर थांबतं. दोन्हींवर उपाय एकच. मोजायची ती उडी, जागा नव्हे. बोटाने कमान काढताना मोठ्याने ‘एक’ म्हणायचं, आणि खाली टेकल्यावर आकडा बोलायचा.

त्यानंतर कागदावर दोन ओळी. वर १, २, ३, ४, ५. खाली ३, ६, ९, १२, १५. मुलाने वरचा आणि खालचा आकडा मिळून वाक्य म्हणायचं: ‘तीनचे चार गट, बारा.’ हे सहज जमलं की लगेच ‘तीन चोक बारा’. मग खालची ओळ झाकून वरची वाचायची, वरची झाकून खालची. ‘पंधरापर्यंत किती उड्या?’ हा प्रश्न रोज विचारावा. भागाकाराची सुरुवात तिथेच होते. उलटही मोजायला लावावं: १५, १२, ९. गाणं उलटं म्हणता येत नाही, त्यामुळे खरं किती आलंय ते तिथे उघडं पडतं.

मराठीतून शिकवताना संख्यानामांची भर पडते. नऊच्या टप्प्यात सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, त्रेसष्ट असं प्रत्येक नाव वेगळं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २१ चं ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि भाषेवरून रण माजलं. पण टप्पे मोजताना ‘वीस सात, तीस सहा’ म्हटलं की दशक वाढतोय आणि एकक एकने उतरतोय हे लगेच दिसतं. दोन्ही वाचनं सोबत राहावीत, हेच मला पटतं.

पाठांतर किती करायचं? १, २, ५ आणि १० पक्के झाले की १० × १० मधले ३, ४, ६, ७, ८, ९ यांचे आपापसातले गुणाकार उरतात. ३ × ७ आणि ७ × ३ एकच धरले, तर ते २१ भरतात. त्यातले ३ आणि ४ चे टप्प्यांनी आणि दुपटीने सुटतात. राहिले १०: ६, ७, ८, ९ चे आपापसातले. हे मात्र सरळ पाठ करून घ्यावेत, रोज पाच मिनिटं, एका वेळी दोनच. विसरलं तर १ पासून नव्हे, पाचव्या उडीपासून निघायला शिकवावं: सात पंचे पस्तीस, मग ४२, ४९, ५६. आठ उड्यांच्या जागी तीन.

तीसपर्यंतच्या पाढ्यांचा आग्रह मी धरणार नाही. इंग्लंडही १२ चा पाढा अजून सोडत नाही, १२ पेन्सचा शिलिंग १९७१ मध्ये जाऊनसुद्धा. रुपया-आण्यांचा हिशेब आपल्याकडे १९५७ मध्ये बदलला, तरी मोठ्या पाढ्यांचा आग्रह आपणही सोडलेला नाही. वर्गातला वाचलेला वेळ त्या दहा गुणाकारांना आणि उलट्या मोजणीला द्यावा.