बीपपर्यंत कुणी पोचू नये म्हणून

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉपची बॅग पाठीला लागते न लागते तोच मेल येतो. सर्वांनी आपापलं 'प्रोफेशनल व्हॉइसमेल ग्रीटिंग' सोमवारच्या आत रेकॉर्ड करून घ्यावं. म्हणजे आपण फोन उचलला नाही की पलीकडच्याला ऐकू येतं ते आपलं बोलणं; ते संपलं की बीप वाजतो आणि मग त्याने निरोप ठेवायचा. सोबत एक्सेल शीट जोडलेली. शीटमध्ये तुमचं नाव आणि नावापुढे लाल चौकोन. गेल्या ३ वर्षांत तुमच्या ऑफिसच्या नंबरवर एकूण दोनच फोन आलेत, एक चुकून लागलेला आणि एक क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलाचा, हे त्या शीटच्या गावीही नसतं. घाबरू नका. मी या दिव्यातून नुकतीच पार पडले आहे आणि माझा चौकोन आता हिरवा आहे. तेव्हा मी सांगते तसं करा.

आधी हेतू नीट समजून घ्या. फोन करणाऱ्याने निरोप ठेवावा म्हणून ग्रीटिंग असतं, असा भाबड्या लोकांचा समज आहे. नव्याने नोकरीला लागलेली मुलं तर त्या समजुतीने 'प्लीज' वगैरे म्हणतात. जरा डोकं चालवा. निरोप आला की तो ऐकावा लागतो, ऐकला की उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलं की काम गळ्यात पडतं. जे ऐकता ऐकता माणूस बीप वाजण्याच्या आधीच फोन ठेवून देतो, ते उत्तम ग्रीटिंग. पुढचं सगळं या एका ध्येयासाठी.

थोडा इतिहास, म्हणजे आपण कुठल्या थोर परंपरेत उभे आहोत ते कळेल. व्हॉइसमेल ही मूळची अमेरिकन सोय. गॉर्डन मॅथ्यूज नावाच्या गृहस्थांना १९८३ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि पहिलं ग्रीटिंग त्यांच्या पत्नीच्या आवाजात रेकॉर्ड झालं असं सांगतात. म्हणजे घरातली बाई बोलणार आणि यंत्र ते जगाला ऐकवणार, ही रीत पहिल्या दिवसापासूनची. पुढे तिकडच्यांना कंटाळा आला. कोका-कोलाने डिसेंबर २०१४ मध्ये अटलांटाच्या मुख्यालयातली व्हॉइसमेल बंद करून टाकली. २०१५ मध्ये जेपी मॉर्गन चेसने आपल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांची काढून घेतली. फारसं कुणी वापरत नाही आणि पैसे मात्र जातात, असा साधा हिशेब होता. तिकडे टाकून दिलेली गोष्ट इकडे सक्तीची होणार हे ओघानं आलंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये झूमने आपली फोनसेवा भारतात सुरू केली ती महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि तीही पुण्यापासून. दुपारी १ ते ४ जगाशी संबंध ठेवायचा नसतो, हा कित्ता ज्या शहराने घालून दिला, तिथेच न उचललेल्या फोनची सोय आधी यावी, हे किती शोभून दिसतं.

आपल्याला इतकी वर्षं ही सोय लागलीच नाही, कारण आपल्याकडे मिस कॉल होता. 'पोचलीस की मिस कॉल दे.' 'खाली आलो की मिस कॉल देतो.' एका रिंगमध्ये निरोप पोचायचा, खर्च शून्य, बोलणं शून्य. लग्नाच्या हॉलवर आचाऱ्याला, रिक्षाच्या रांगेत बहिणीला, कॅबमधून आईला, सगळ्यांना तीच एक रिंग आणि प्रत्येकाला तिचा वेगळा अर्थ कळायचा. टीम्स या मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-ॲपची व्हॉइसमेल याउलट एरवी ५ मिनिटांपर्यंतचा निरोप घेते. ५ मिनिटांत आपल्याकडे मुलगी बघून होते.

आता प्रत्यक्ष कृती. टीम्समध्ये सेटिंग्ज, त्यात कॉल्स, त्यात व्हॉइसमेल. व्हॉइसमेलकडे जाण्याआधी फोन किती सेकंद वाजू द्यायचा ते तिथे ठरवता येतं. तुम्ही हात लावला नाहीत तर २० सेकंद. हा आकडा काढणाऱ्याला माणसाची चांगलीच पारख असणार. फोन कुठे वाजतोय ते शोधायला, कुणाचा आहे ते बघायला, 'आत्ता नको' असं ठरवायला आणि तो पालथा घालायला बरोबर २० सेकंद लागतात. त्यानंतर फोन करणाऱ्याचं काय करायचं, याचे पर्याय येतात. त्याचा निरोप घ्यायचा, की त्याला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायचं, वगैरे. या यादीत एक पर्याय असाही आहे की ग्रीटिंग ऐकवायचं आणि फोन कट करायचा. निरोपबिरोप काही नाही. तो वाचून माझे डोळे पाणावले. ज्याने कुणी हा पर्याय घातला, तो माणूस आयुष्यात एकदा तरी सदाशिव पेठेत भाड्याने राहिलेला असणार. दुर्दैवाने आमच्या मेलमध्ये हा पर्याय निवडू नये असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. माझ्या आधी कुणीतरी तो शोधून काढला होता तर.

मजकुराकडे वळू. भाषा इंग्रजी. फोन करणारा कोथरूडचा आणि तुम्ही कर्वेनगरच्या असलात तरी इंग्रजी. उच्चार नारायण पेठ आणि न्यू जर्सी यांच्या मधोमध, साधारण अरबी समुद्रावर तरंगता ठेवा. सुरुवात 'यू हॅव रीच्ड द डेस्क ऑफ' अशी करा. तुम्हाला डेस्क नाही, हे मला माहीत आहे. रोज सकाळी ॲपवर जागा राखावी लागते, आणि साडेनऊनंतर हिंजवडीच्या पुलाखालून सुटलात तर पँट्रीशेजारचं उंच स्टूल वाट्याला येतं. तरीही 'डेस्क ऑफ' म्हणाच. ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे सागवानी टेबल उभं राहतं. मग हुद्दा, आणि तो पूर्ण. 'सिनियर असोसिएट लीड, डिलिव्हरी एक्सलन्स, ग्लोबल अकाउंट्स.' हुद्दा जितका लांब तितके जास्त लोक वाटेत गळतात. मग 'आय ॲम अवे फ्रॉम माय डेस्क ॲट द मोमेंट'. पाठोपाठ 'युअर कॉल इज इम्पॉर्टंट टू मी'. हे वाक्य हसू न येता म्हणायला सराव लागतो. पहिले दोन दिवस आरशासमोर करा. शेवटी 'आय विल गेट बॅक टू यू ॲट द अर्लिएस्ट'. अर्लिएस्ट म्हणजे केव्हा, हे चुकूनही सांगायचं नाही. वार सांगितला की माणूस वाट बघतो, आणि वाट बघणारा माणूस पुन्हा फोन करतो.

इथे एक मोह होईल, विशेषतः नदीच्या अलीकडे वाढलेल्यांना. तो म्हणजे पाटीचा. 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही.' 'येथे पत्ता विचारू नये.' लहानपणापासून असं वाचत आलेल्या माणसाच्या तोंडी आपोआप येतं, 'फोन दिसतोय. उचलणार नाही. काम असेल तर चॅटवर लिहा, वाचून न वाचल्यासारखं करीन.' कुणालाही एका दमात कळेल, कुणाचाही वेळ जाणार नाही. पण पाटीत एक मोठा दोष असतो. तिच्यात मालकाला जे म्हणायचंय तेच लिहिलेलं असतं. दुकान बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक चरफडतं आणि पुढच्या दुकानात जातं. प्रोफेशनल ग्रीटिंगमध्येही दुकान बंदच असतं, फक्त गिऱ्हाइकाला शटरसमोर खुर्ची टाकून बसवायचं असतं. एवढा फरक जमला की तुमचं प्रमोशन पक्कं.

रेकॉर्डिंग कुठे करायचं हा कठीण प्रश्न आहे. ऑफिसात काचेच्या छोट्या फोन केबिनी असतात, पण त्या रिकाम्या मिळणार नाहीत. आत प्रत्येकी एक माणूस हलक्या आवाजात दुसऱ्या कंपनीला मुलाखत देत असतो. त्याला उठवू नका, उद्या तुम्हालाही ती केबिन लागेल. जिन्यात आवाज घुमतो आणि तुम्ही विहिरीतून बोलताय असं वाटतं. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये सिक्युरिटीचे काका येऊन विचारतात, 'मॅडम, बरं वाटत नाहीये का?' माझ्या एका मैत्रिणीने त्यांनाच प्रेक्षक म्हणून उभं केलं. काकांनी शेवटी शांतपणे सांगितलं, 'पहिलंच चांगलं होतं, त्यात तुम्ही एवढ्या घाबरल्या नव्हता.'

स्वतःचा आवाज ऐकवत नसेल, आणि स्वतःचा आवाज कुणाला ऐकवतो, तर मजकूर टाइप करून द्यायचा, यंत्र वाचून दाखवतं. सोय चांगली आहे, फक्त तुमचं नाव जोशी किंवा पाटील असेल तर. इंग्रजी वाचणाऱ्या यंत्रासमोर 'काळे' ठेवून बघा, काळेबाई 'केल' नावाच्या पालेभाजीत जमा होतात. 'ळ' नावाचं अक्षर जगात आहे, याचा त्याला पत्ताच नाही. 'ज्ञ'वर ते अडखळतं, आणि 'हृषीकेश'पाशी घशात काहीतरी अडकल्यासारखं करून पुढच्या वाक्यावर उडी मारतं. मग स्पेलिंग वाकवून बघायचं, एखादा ए वाढवायचा, एखादा एच कमी करायचा. असा अर्धा दिवस जातो आणि दिवसअखेर तुमच्या बारशाच्या नावाचा आणि ग्रीटिंगमधल्या नावाचा काही संबंध उरत नाही. हरकत नाही. दोन महिन्यांनी तुम्ही स्वतःच क्लायंटला 'धिस इज केल' म्हणू लागता.

सुट्टीवर असताना ऐकवायचं ग्रीटिंग वेगळं ठेवता येतं. याचा लाभ जरूर घ्या. गणपतीला कोकणात जाताना 'लिमिटेड ॲक्सेस' असं भारदस्त आवाजात म्हणा. मामाच्या घरी फक्त मागच्या पडवीत, तेही फणसाला टेकून उभं राहिलं तर रेंज येते, हे क्लायंटला सांगण्यात अर्थ नाही. परत आल्यावर मात्र ते ग्रीटिंग काढण्याची घाई करू नका. दसरा जाऊ दे, दिवाळी जाऊ दे. कुणी हटकलंच तर माघी गणपतीचं आहे म्हणावं.

'तातडीचं असेल तर माझ्या सहकाऱ्याशी बोला' हे वाक्य घालायचं असेल तर सहकाऱ्याला आधी विचारा, कारण त्याच्या ग्रीटिंगमध्ये तुमचं नाव असणं आवश्यक आहे. माणूस तुमच्याकडून त्याच्याकडे आणि त्याच्याकडून तुमच्याकडे फिरत राहतो. तलाठी ऑफिसात सातबाऱ्यासाठी गेलेल्यांना ही पद्धत परिचयाची आहे, त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

माझं रेकॉर्डिंग शेवटी घरीच झालं, रविवारी दुपारी. जेवणं झाली, झाकपाक झाली, घर शांत झालं असं बघून मी बेडरूमचं दार लोटून बसले. पहिल्या वेळी शेजारच्यांचा कुकर. दुसऱ्या वेळी खाली भंगारवाला, 'जुनं लोखंड, पत्रा, रद्दीय' करत. तिसऱ्या वेळी मी स्वतःचाच हुद्दा विसरले, जे एका अर्थी समजण्यासारखं आहे, कारण तो एप्रिलमध्येच बदललाय आणि कामात तसूभरही फरक पडलेला नाही. चौथ्या वेळी 'इम्पॉर्टंट'पाशी हसू आलं. पाचवं आणि सहावं काय झालं ते सांगत नाही. सातव्या वेळी सगळं जुळून आलं. डेस्क आलं, हुद्दा आला, समुद्रावरचा उच्चार आला. 'आय ॲम अवे फ्रॉम माय डेस्क ॲट द मोमेंट' हे मी इतकं सहज म्हणाले की क्षणभर मलाच खरं वाटलं.

आमच्या सासूबाईंनी ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. त्या मटार सोलायला परात घेऊन कधी आत येऊन बसल्या ते मला कळलंच नव्हतं.

"अवे कसली? बसल्येस की इथेच!"

"आई, अहो, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"मग खरं सांग की त्यांना."

आणि मी गडबडीत थांबवायच्या ऐवजी सेव्ह केलं. मग मटार सोलायला बसले. संध्याकाळी बदलू म्हटलं, तर संध्याकाळी पाहुणे आले.

सोमवारी सकाळी धडधडत्या छातीने शीट उघडली. माझा चौकोन हिरवा झाला होता, आणि शेजारच्या 'ग्रीटिंग ऐकून तपासले' या रकान्यात बरोबरची खूण होती.