ताकाला जाताना भांडं कसं लपवावं

अभिनंदन! तुमचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लोक वापरू लागले. आता कोण वापरतं, कुठलं बटण दाबतं, हे जाणून घ्यायची उबळ येणारच. फक्त सरळ विचारू नका. डेबियन या लिनक्स प्रणालीवाले विचारतात. इन्स्टॉल करतानाच पुसतात, 'कोणती पॅकेजं वापरता ते कळवायचं का?' आणि वर 'नाही' हे उत्तर आधीच निवडून ठेवतात. अशानं कुणाचं भलं झालंय?

त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग साधनाच्या कमांड लाइनचा कित्ता गिरवा. कोड खुला, माहिती गोळा करणं आधीपासून चालू, आणि नको असेल तर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रणालीतली एक सेटिंग) लिहा: चार इंग्रजी शब्द, सगळे कॅपिटल, मधे अंडरस्कोअर, पुढे १. पहिल्या खेपेला टर्मिनलवर तशी सूचनाही झळकते. ती वाचायला थांबतो कोण? पण उद्या कुणी भांडायला आलं, तर 'सांगितलं होतं की' म्हणता येतं.

उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीनं २०१२मध्ये १२.१० आवृत्तीत आणखी धिटाई केली. आपल्याच संगणकावरची फाइल शोधायला डॅश या शोधखिडकीत चार अक्षरं टंकली, की ती उबुंटूच्या कंपनीच्या, कॅनॉनिकलच्या, सर्व्हरकडे रवाना आणि समोर ॲमेझॉनचा माल हजर. लोक खवळले, तेव्हा उबुंटूच्या संस्थापकानं, मार्क शटलवर्थनं, काय सुनावलं? विश्वास नाही? अहो, रूट, म्हणजे तुमच्या संगणकाचा पूर्ण ताबा, आमच्याकडेच आहे! (तर्क बिनतोड आहे, म्हणूनच झोंबतो.) ही सोय आधीपासूनच बंद ठेवायला १६.०४ आवृत्ती उजाडावी लागली.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरची गत मात्र बघून ठेवा. मे २०२१मध्ये नव्या मालकांनी, म्युझ ग्रुपनं, टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती आपोआप पाठवणं, सुचवली. तीही संमती घेऊन, एरवी बंद. पण माहिती जाणार गूगल आणि यांडेक्स या रशियन कंपनीकडे! काही दिवसांत प्रस्ताव गुंडाळला. जुलैत गोपनीयता धोरण आलं: गरज पडल्यास माहिती तपास यंत्रणांना देऊ, आणि १३ वर्षांखालच्यांनी हे वापरू नये. आवाज कापायच्या, जोडायच्या साधनाला वयाची अट! ऑडॅसिटीच्या जीपीएल या मुक्त परवान्यात कुणालाही वापरायची मुभा, हे बहुधा वकिलांच्या कानावर गेलं नसावं. लगेच टेनॅसिटी नावाचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरची वेगळी आवृत्ती, निघाला. प्रत्यक्षात मामला आयपी पत्ता, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आणि क्रॅशचे अहवाल एवढाच होता, पण तोवर ऐकायला कोण बसलंय?

म्हणून माफीनामा आधीच लिहून ठेवा. 'शब्दरचना संदिग्ध होती, संवादात कमी पडलो' एवढं पुरे. काय गोळा करायचं होतं आणि कशासाठी, यावर चकार शब्द नको.