मॅकेन्झी आणि टक्केवारी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची कमेंट पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं असं की काँट्रॅक्टर राजकारणात येतो तो टेंडरसाठीच, कॅनडाचा दुसरा पंतप्रधान अलेक्झांडर मॅकेन्झी त्यातलाच, आणि पुरावा म्हणून तुम्ही रेल्वेच्या रुळांची खरेदी दिलीय. आपल्याकडे नगरपालिकेपासून वरपर्यंत जे चालतं ते बघून असं वाटणं साहजिक आहे, पण या माणसाला ते लावणं मला अजिबात पटत नाही.

तो काँट्रॅक्टर झाला कसा ते बघा ना. स्कॉटलंडमधल्या सुताराचा मुलगा, तेराव्या वर्षी शाळा सुटली, पाथरवटाचं काम शिकला. 1842 मध्ये कॅनडात किंग्स्टनला आला तर तिथला चुनखडीचा दगड इतका कडक की गावाकडच्या छिन्न्या चालेनात, नव्या घ्यायला पैसे नाहीत, म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका बांधकामावर बिगारी म्हणून लागला. ठेकेदाराने उन्हाळाभर राबवून घेतलं आणि मजुरीच्या जागी हातात प्रॉमिसरी नोट दिली, जी कधी वटलीच नाही. पुढे कालव्याच्या कामावर टनभराचा दगड पायावर आला. मग सार्नियात भावाबरोबर स्वतःचा धंदा, कोर्ट, तुरुंग, बँक अशी कामं. कॅनडातल्याच विंडसरमधलं त्याने बांधलेलं कोर्ट अजून उभं आहे. ओटावाच्या पार्लमेंटचंही टेंडर भरलेलं, ते मिळालं नाही.

1873 मध्ये पहिला पंतप्रधान मॅकडोनाल्ड, त्याचं सरकार गेलं ते ज्यांना पॅसिफिक रेल्वेचं काँट्रॅक्ट हवं होतं त्यांच्याकडून निवडणुकीला पैसे घेतल्यामुळे. मॅकेन्झी आला आणि पब्लिक वर्क्स खातं स्वतःकडेच ठेवलं. राजकारण म्हणून तो निर्णय महागात पडला असं माझं मत, कारण टेंडरं आणि हिशेबात बुडालेल्या माणसाने पक्ष सांभाळायचा कधी. कामं आणि नोकऱ्या मागायला स्वपक्षाचेच लोक दारात बसायचे, त्यांना चुकवून निघता यावं म्हणून ऑफिसातून मागच्या मागे उतरणारा जिना करून घेतला असं सांगतात. ज्याला खायचंय तो अशा लोकांना आत बोलावतो हो, मागच्या जिन्याने पळत नाही.

आता रूळ. भाव उतरलेत म्हणून 50 हजार टन रूळ आधीच घेऊन ठेवले, नंतर भाव आणखी कोसळले, वर त्या व्यवहारातल्या एका फर्मशी त्याच्या भावाचा संबंध, त्यामुळे विरोधकांनी हे प्रकरण वर्षानुवर्षं लावून धरलं. सरकारचे पैसे गेले, हे खरंच. पण मॅकेन्झीने त्यात खाल्लं असं कुणी सिद्ध केलं नाही. शिवाय गुप्त मतदान 1874 मध्ये त्याच्याच सरकारने आणलं, सरकारी खर्च तपासायला ऑडिटर जनरलचं स्वतंत्र पद 1878 मध्ये त्यांनीच केलं. टक्केवारीवाला माणूस स्वतःच्याच मागे ऑडिटर लावून घेईल का?

त्याला धारेवर धरायचंच असेल तर रूळ सोडा, 1876 चा इंडियन ऍक्ट घ्या, म्हणजे कॅनडातल्या मूळनिवासींसाठीचा कायदा. मूळनिवासी कोण हे सरकार ठरवणार, आणि मूळनिवासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचा दर्जा गेला, पुरुषाने केलं तर त्याचा शाबूत. ज्याची स्वतःची मजुरी बुडाली, ज्याने मोठेपणाचा तिटकारा म्हणून नाइटहूड, म्हणजे ‘सर’ हा किताब, नाकारली, त्याच्याच सरकारने हे केलं, आणि दुरुस्त्या होत होत तो कायदा आजही लागू आहे. यावर तुम्ही कितीही कडक लिहा, मी त्याची बाजू घेणार नाही.