वांधा निघाला तर जायचं कुठे?

दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून उत्तर दोन दिवस उशिरा देतोय. केंद्राच्या कृषी पणन धोरणाच्या मसुद्याला (नोव्हेंबर २०२४) पाठिंबा देत मी जो लेख लिहिला, त्यावर तुम्ही म्हणता : ‘सुधारणा म्हटलं की शेतकऱ्याने खिसा सांभाळावा. बिहारने २००६ साली बाजार समित्यांचा कायदा मोडला, काय भलं झालं? तुम्ही २०२०च्या तीन कृषी कायद्यांचेच वकील. कधी ट्रॅक्टर घेऊन मार्केटला गेलात का?’

शेवटचं आधी. गेलोय, कांदा घेऊनच. पहाटे रांगेत ट्रॉली लावली, नऊ-साडेनऊला लिलाव आला. चार-पाच व्यापारी आले, एकाने वरचे दोन कांदे दाबून पाहिले, बोली सुरू होऊन अर्ध्या मिनिटात संपलीसुद्धा. पावती घेऊन व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवतात तिथे) गेलो, अर्धी ट्रॉली खाली झाली आणि व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, ‘खालचा माल हलका आहे.’ वांधा काढला, म्हणजे लिलावात ठरलेल्या भावावर हरकत घेतली! आता अर्धा माल खाली, अर्धा वर, भाडं चढतंय. क्विंटलमागे दीडशे रुपये तोडून मुकाट्याने हिशेबाची पट्टी घेतली. बाजार समिती माझी लाडकी असण्याचं काही कारण नाही, हे एवढ्यावरून कळावं.

तरीही ती मोडा असं मी लिहिलेलं नाही. बिहारबद्दल तुमचं खरं आहे, आणि माझ्या लेखात ते यायला हवं होतं. कायदा गेला, पण त्याच्या जागी कोणी बाजार उभा केला नाही. मग दारात येईल तो व्यापारी आणि तो सांगेल तो भाव.

२०२०च्या कायद्यांचा वकील मात्र मी नव्हतो. माझी हरकत तेव्हाही कलमावर होती. समितीबाहेरच्या व्यवहारात भांडण झालं तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) जा, दिवाणी कोर्टाचं दार बंद, असं ते कलम होतं. आमचा प्रांत निवडणूक, पूर, भूसंपादन सांभाळून माझ्या दीडशे रुपयांचा वांधा कधी ऐकणार? समितीत निदान सचिवाच्या टेबलावर पावती आपटता येते. (मी आपटली नाही, ती चूक माझी.)

नव्या मसुद्यात खाजगी बाजार, शेतावरून थेट खरेदी, गोदामांना बाजाराचा दर्जा, भाव विमा असं बरंच आहे. यातलं निम्मं महाराष्ट्राला नवीन नाही. खाजगी बाजाराची परवानगी आपल्याकडे केव्हाचीच आहे आणि २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून बाहेरही काढला. तरी माझ्या ट्रॉलीभोवती तेच चार-पाच जण.

सहावा येईल कसा? ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिलं. ते पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. उद्या बंदरावर माल अडकेल या धास्तीत कोण निर्यातदार आमच्या गावात शेड बांधेल? मसुद्याला माझा पाठिंबा आहे, पण हे धरसोडीचं धोरण तसंच ठेवून नाही. लेखात ही अट शेवटच्या परिच्छेदात गेली, म्हणून तुमच्या नजरेतून सुटली असेल. वर घेतो.

आणि तुमच्याकडे वांधा कसा मिटवतात, तेही लिहा.