डब्याला पेटंट मिळते. व्हिडिओमुळे मात्र ते हातचे जाते

मराठवाड्यातील शिक्षकांच्या, प्रयोगशील शेतकऱ्यांच्या आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत: पेटंट हे मोठ्या प्रयोगशाळांचे काम असून डबा किंवा खेळाचे साधन अशा किरकोळ वस्तूंना ते मिळत नाही, सीडीसारखा शोध एकाच माणसाच्या एकाच पेटंटमधून आला, सामान्य माणसाने पेटंटच्या नादी न लागता आपल्या युक्तीचा व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकावा, कारण त्यावरची तारीख हाच मालकीचा पुरावा असतो, आणि कोणाला पेटंट मिळालेच, तर ते जगभर व कायमचे चालते. हे चारही दावे चुकीचे आहेत, पण तिसऱ्यामुळे आपल्याकडच्या कारागिरांचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते, म्हणून त्यावर अधिक सविस्तर लिहीत आहे.

पहिला दावा कायद्याच्या मजकुराशीच जुळत नाही. पेटंट कायदा, १९७० वस्तूची किंमत विचारत नाही. ती नवी आहे का, त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचले नसते असे काही तिच्यात आहे का आणि ती उद्योगात तयार करता किंवा वापरता येते का, एवढेच पाहतो. अमेरिकेतील अर्ल टपर यांनी १९४७ मध्ये अर्ज केला आणि ८ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांना ज्या घरगुती डब्याचे पेटंट मिळाले, त्याचा गाभा डबा नव्हता, झाकण होते. त्या लवचीक झाकणाच्या कडेला आतून खोबण असते आणि ती डब्याच्या ओठावर बसते. मध्यभाग दाबून कड किंचित उचलली की आतली थोडी हवा निघून जाते आणि झाकण घट्ट धरून राहते. जालन्यातल्या किंवा लातूरमधल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात धान्याच्या पत्र्याच्या कोठीला असे तोंड बसवले गेले, की खालून धान्य काढता यावे आणि तरीही आत सोंडे शिरू नयेत, तर तो विचार याच जातीचा आहे, आणि त्याला किरकोळ म्हणण्याचे काहीच कारण नाही.

खेळाच्या साधनांचेही तसेच आहे. अमेरिकेतील अभियंते हॉवर्ड हेड यांनी निवृत्तीनंतर टेनिस शिकायला घेतले, सरावासाठी चेंडू फेकणारे यंत्र विकत घेतले, ते मनाजोगते चालेना म्हणून त्यात सुधारणा केल्या आणि ते यंत्र बनवणाऱ्या प्रिन्स कंपनीतच ते पुढे सामील झाले. चेंडू मध्यभागी न लागता कडेला लागला की रॅकेट मुठीत फिरते. हे फिरणे कमी करणाऱ्या मोठ्या आकाराच्या रॅकेटचे पेटंट त्यांना १९७६ मध्ये मिळाले. इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. आपल्या कायद्याच्या कलम ३ नुसार खेळण्याची पद्धत पेटंटयोग्य नाही, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या प्रशिक्षकाने बसवलेल्या सरावक्रमाला पेटंट मिळणार नाही, पण त्या सरावासाठी त्याने बनवलेल्या यंत्राला मिळू शकेल. त्याच कलमामुळे, स्वतंत्रपणे आपापले काम करणारी दोन जुनी साधने नुसती एकत्र जोडून भागत नाही. तुराट्यांची कणगी किंवा धान्याचे पेव यांसारखे परंपरेने चालत आलेले ज्ञानही पेटंटच्या बाहेर राहते. एखाद्या वस्तूचे नावीन्य केवळ तिच्या आकारात आणि दिसण्यात असेल, तर डिझाइन नोंदणीचा मार्ग आहे आणि तिची मुदत आधी १० वर्षे व वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे असते.

सीडीबद्दलचा दावा लवकर आवरता येतो. अमेरिकेतील संशोधक जेम्स रसेल यांनी प्रकाशाच्या साहाय्याने ध्वनी नोंदवण्याच्या पद्धतीचा अर्ज १९६६ मध्ये केला आणि १९७० मध्ये त्यांना पेटंट मिळाले, हे खरे आहे. पण १९८२ मध्ये बाजारात आलेली १२० मिलिमीटर व्यासाची सीडी फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या मानकांवर उभी होती, आणि तिच्यात लेझरने वाचण्याची, संकेत बदलण्याची आणि चुका दुरुस्त करण्याची अशी अनेक पेटंटे एकत्र आली होती.

आता व्हिडिओबद्दल. पेटंटसाठी नावीन्य मोजले जाते ते अर्जाच्या तारखेला, आणि त्याआधी जे लोकांसमोर आले ते नवे राहत नाही, मग ते दुसऱ्याने आणले असो वा स्वतः संशोधकाने. म्हणजे ज्या तारखेला संदेश पुरावा म्हणतो, तीच तारीख अर्जाच्या विरोधात उभी राहते. भारतीय कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या प्रसंगांपुरती आहे. तालुक्याचे कृषी प्रदर्शन आपोआप त्यात येत नाही आणि समाजमाध्यमावरचा व्हिडिओ तर येतच नाही. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केलेल्या गोष्टीसाठी एक वर्षाची मुदत मिळते, आणि तिकडचा नियम इकडे लागू आहे असे धरल्यामुळेच हा सल्ला पसरला असावा, असे मला वाटते. वास्तविक आपल्याकडे स्वस्त आणि सुरक्षित वाट उपलब्ध आहे. आधी तात्पुरते विवरणपत्र, म्हणजे शोधाचे प्राथमिक लेखी वर्णन, अर्जासोबत दाखल करावे, ज्याचे ऑनलाइन शुल्क व्यक्तीसाठी १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण विवरणपत्रासाठी १२ महिने मिळतात आणि या काळात वस्तू दाखवायला व विकायला हरकत नसते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, पण त्यासाठी नांदेडहून किंवा परभणीहून मुंबई गाठावी लागत नाही. पुढे पेटंट कार्यालयाकडून होणाऱ्या अर्जाच्या परीक्षणाचे शुल्क निराळे भरावे लागते आणि मसुदा जाणकाराकडून लिहून घेतला तर त्याचाही खर्च येतो, हे मात्र आधीच धरून चालावे. तात्पुरत्या विवरणपत्रात जे लिहिलेच नाही त्याला ती आधीची तारीख मिळत नाही, म्हणून कोठीच्या तोंडाची बांधणी आकृतीसह पूर्ण मांडावी. ‘सुधारित कोठी’ एवढ्यावर थांबू नये.

पेटंट जगभर चालते हेही खरे नाही, कारण ते ज्या देशाने दिले त्याच देशापुरते असते. भारतात अर्ज केल्यापासून १२ महिन्यांच्या आत इतर देशांत अर्ज करता येतो, मात्र भारतात राहणाऱ्याने आधी परदेशात अर्ज करायचे ठरवले तर त्याला पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. ते कायमचेही नसते. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, आणि तीही नूतनीकरणाचे शुल्क भरत राहिल्यास. मिळालेले पेटंट रद्दही होते: जखमेवर हळद वापरण्याचे १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट आपल्या सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, कारण ते ज्ञान आधीपासून लिखित रूपात उपलब्ध होते.

ज्यांनी या संदेशावर विश्वास ठेवून व्हिडिओ आधीच टाकला आहे, त्यांनी त्यात नेमके काय दिसते ते पाहावे. जे दिसले त्याचे पेटंट भारतात हातचे गेले. पण त्यानंतर केलेली आणि कुठेही न दाखवलेली सुधारणा जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसेल, तर तिच्यासाठी अजूनही अर्ज करता येतो.