‘काय वाचलंस ते सांग’ असे विचारायचेच नाही का? एका फिरत्या संदेशाला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. कोल्हापुरातल्याच तीन गटांतून तो माझ्यापर्यंत आला आणि तिसऱ्यांदा पाठवणाऱ्या मावशींनी खाली ‘शंभर टक्के खरे’ असा शेराही मारला होता. त्याचा आशय असा: पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचलेले पुन्हा सांगायला लावू नये, कारण त्याने वाचनाची परीक्षा होते, आधी वाचन खडाखडा येऊ द्यावे, अर्थ मागाहून आपोआप कळतो, गोष्ट सांगता येणे हे निव्वळ पाठांतर असते, सारांश हे पाचवीनंतरचे काम आहे, आणि इंग्रजी धडा मराठीत सांगायला लावला तर मुलाचे इंग्रजी बिघडते. मी शनिवारी संध्याकाळी शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आठ-दहा मुलांचा वाचनतास घेते. या पाचांपैकी पहिल्या विधानात तथ्य आहे, म्हणून ते पुढे घेते. उरलेल्या चारांची इमारत मात्र ‘आपोआप’ या एका शब्दावर उभी आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करायला हवी.

मराठीत तरी खडाखडा वाचन आणि समज यांची गल्लत करणे फार सोपे आहे. देवनागरीत लिहिले तसे बहुतांशी उच्चारले जाते, त्यामुळे बाराखडी आणि जोडाक्षरे जमलेले मूल कळलेल्या आणि न कळलेल्या मजकुराचा उच्चार सारख्याच सफाईने करू शकते. एका दमात रामरक्षा म्हणणारी सात वर्षांची मुले आपल्या घरोघरी आहेत. त्यांचे उच्चार स्वच्छ असतात, पण त्यावरून त्यांना संस्कृत येते असे कोणी म्हणत नाही. मग तेच मूल मराठीचा धडा तसाच धडाधडा वाचू लागले की आपण निश्चिंत का होतो? गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये हीच गोष्ट साध्या सूत्रात मांडली: समजून वाचणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा ऐकून समजण्याची क्षमता. इथे बेरीज नसून गुणाकार आहे हे महत्त्वाचे, कारण दोहोंपैकी एक शून्य असले की उत्तरही शून्यच येते. जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या पूर्ण इंग्रजी नावातही ‘रीडिंग विथ अंडरस्टँडिंग’, म्हणजे समजून वाचणेच आहे आणि त्याचे उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीपर्यंतचे आहे, पाचवीनंतरचे नाही.

पाठांतराचा आक्षेप जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. आमच्या तासाला करवीर तालुक्यातल्या एका गावाहून येणारा तिसरीतला एक मुलगा अडखळत वाचतो. एकदा गूळ कसा होतो यावरचा दहा-बारा ओळींचा उतारा त्याने आणि त्याच्याच वर्गातल्या, वाचनात तरबेज असलेल्या दुसऱ्या मुलाने वाचला. तरबेज मुलाने पुस्तक मिटून सांगितले, “ऊस गाळतात, रस उकळतात, मग गूळ होतो.” हा मुलगा मात्र सांगू लागला तो थांबेचना: “काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी घालायचं, मग मळी वर येती, ती काढायला लागती, न्हाईतर गूळ काळा पडतोय.” उताऱ्यात भेंडी नव्हती, काळा पडणेही नव्हते, ‘रस स्वच्छ करतात’ एवढे एकच वाक्य होते. त्या वाक्याला त्याने आपल्या काकांचे गुऱ्हाळ जोडून घेतले, आणि रस स्वच्छ का करायचा हे त्या दोघांत त्यालाच कळले होते. हे पाठांतर असेल तर पाठांतराची व्याख्या बदलावी लागेल. रेक्ट आणि लेस्ली यांनी 1988 मध्ये अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या 64 विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला देऊन ते पुन्हा सांगायला लावले, तेव्हाही वाचनात कच्चे पण खेळ जाणणारे विद्यार्थी, वाचनात पक्के पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले होते.

अर्थात भेंडीचे पाणी पुस्तकातले नाही, हे त्या मुलाला कळणेही तितकेच आवश्यक आहे. म्हणून मी एवढेच विचारले, “हे पुस्तकात होतं की काकांच्या गुऱ्हाळात?” तो थोडा वेळ गप्प बसला, उतारा पुन्हा चाळला आणि म्हणाला, “काकांच्या.” मजकूर कुठे संपतो आणि आपण कुठे सुरू होतो, हे सांगायला लावल्याशिवाय मुलाला कळले असते असे मला वाटत नाही.

सारांश पाचवीनंतरचा, हे विधान अर्धवट माहितीतून आले असावे. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे यांच्या 1983 मधल्या अभ्यासात असे दिसले की अनावश्यक मजकूर गाळणे पाचवीच्या मुलांनाही जमते, पण परिच्छेदात न लिहिलेले मुख्य वाक्य स्वतः रचणे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही जड जाते. म्हणजे नुसते वय वाढल्याने सारांश येत नाही; तो शिकवावा लागतो, आणि त्याची पहिली पायरी लहानांच्या आवाक्यात असते. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो चिऊचे दार वाजवतो आणि ती प्रत्येक वेळी ‘थांब, माझ्या बाळाला’ म्हणून काहीतरी सांगते: आंघोळ घालू दे, तीट लावू दे, झोपवू दे. दुसरीतल्या एका मुलीने ही गोष्ट सगळ्या आंघोळीसकट, सुरात सांगितली. ते झाले पुन्हा सांगणे. मग मी म्हटले, “आजीला बस पकडायची आहे, बस दिसायला लागली आहे, पटकन सांग.” ती म्हणाली, “काऊचं घर गेलं, तो चिऊकडं आला, तर ती नुसती कारणंच सांगत बसली.” ‘कारणे’ हा शब्द गोष्टीत कुठेच नाही. आंघोळ, तीट आणि झोप या तिन्हींना एका शब्दात बांधणे हाच सारांश, आणि तो सात वर्षांच्या मुलीने केला. ‘पाच ओळींत सारांश लिहा’ असे वहीत सांगितले असते तर तिने पहिल्या पाच ओळी उतरवून काढल्या असत्या, यात मला शंका नाही. लहान वयात सारांश तोंडी हवा आणि घाईचे काहीतरी खरे निमित्त हवे.

आता परीक्षेचा मुद्दा. इथे संदेश लिहिणाऱ्याशी माझे भांडण नाही. आई शेजारी बसून धडा ऐकते आणि लगेच विचारते, “सांग, काय होतं त्यात?” आईला ते माहीत आहे हे मुलालाही माहीत असते, मग तो प्रश्न चाचणीचाच होतो आणि मूल चेहरा पाहून उत्तर देते. दोष प्रश्नात नसून ऐकणाऱ्यात आहे. गोष्ट न ऐकलेला माणूस शोधावा: कामावरून आलेले बाबा, फोनवरची आत्या, पाळण्यातला भाऊसुद्धा चालतो. मूल अडले तर ‘चुकलं’ म्हणण्याऐवजी ‘मग?’ म्हणावे. घरात पहिल्यांदा शाळेत गेलेल्या पिढीला हे वेगळे शिकवावे लागले नव्हते, मूल पत्र वाचून दाखवायचे आणि आजी विचारायची, “म्हणजे येतोय का न्हाई तो?” आजीला उत्तर खरोखर हवे असायचे.

राहिला इंग्रजीचा प्रश्न. इंग्रजी माध्यमातले मूल धड्याबद्दल इंग्रजीत दोन वाक्यांवर थांबते, तेव्हा त्याला धडा कळला नाही की सांगायला शब्द नाहीत, हे ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही. तेच मराठीत विचारले की उलगडा होतो: धडा कळलेले मूल भडाभडा सांगू लागते, न कळलेले मराठीतही दोनच वाक्यांवर थांबते. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला इंग्रजी शब्द पुरवायचे आणि तेच पुन्हा इंग्रजीत सांगायला लावायचे. दुसऱ्याबरोबर धडा पहिल्यापासून, एकेक वाक्य थांबून, पुन्हा वाचायचा. मराठीला बंदी घातली तर दोघेही ‘इंग्रजी कच्चे’ या एकाच खात्यात जमा होतात आणि दोघांनाही एकच शिकवणी लावली जाते.