नाशिकच्या अंबडला एखादी रिकामी शेड आहे का?

परवा रविवारी मंगल कार्यालयातल्या सरावात लेकीची जिम्नॅस्टिक्सची रिबन पंख्यात अडकली. पंखा बंदच होता, तरी पात्याला दोन वेढे बसले आणि काडी वर लोंबकळत राहिली. कार्यालयाचे वॉचमन काका शिडी घेऊन आले, रिबन हळूहळू सोडवून दिली. वीस मिनिटं गेली. खाली आली तेव्हा गुलाबी सॅटिनवर पंख्याचं काळं ग्रीस. लेक एक शब्द बोलली नाही. घरी येऊन तिने ती शाम्पूने धुतली, रात्री मी अगदी मंद इस्त्री फिरवली आणि सकाळी चुण्या पडू नयेत म्हणून दोघींनी मिळून गुंडाळून ठेवली. एक टोक तिने धरायचं, एक मी. डाग फिकट झालाय, गेला नाही.

लेक रिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळते. "ते रिबन घेऊन नाचतात ते ना?" असं बरेच जण विचारतात, म्हणून थोडं सांगते. आपली साडी साधारण साडेपाच मीटरची असते. मोठ्या मुलींची रिबन कमीत कमी सहा मीटरची. लेक अजून ज्युनिअर गटात आहे, तिची पाच. ती दीड मिनिट एका काडीवर सतत खेळती ठेवायची. गाठ पडली, गुण गेले. टोक निपचित जमिनीवर पडून राहिलं, गुण गेले. तेरा बाय तेरा मीटरच्या कार्पेटवरून वस्तू बाहेर गेली, गुण गेले. हूप म्हणजे मोठी रिंग, बॉल आणि क्लब्स म्हणजे छोट्या मुद्गलांची जोडी, यांचे नियम वेगळे, पण धाक तोच. वस्तू वर फेकायची, ती हवेत असताना खाली अंगाच्या गिरक्या घ्यायच्या आणि मग पकडायची, कधी पाठीमागे, कधी नुसत्या पायांनी, वर न बघता. मी चार वर्षं रोज पाहतेय, अजूनही फेक वर गेली की माझा श्वास अडकतो.

तर रविवारी दुपारी जेवताना पंख्याचा विषय निघाला आणि घरातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, "अगं, ते रशियाच्या पोरींचं काम. त्यांची हाडंच वेगळी असतात. आपल्या मुलींना नाही जमायचं." लेक समोर बसली होती. मोठ्यांपुढे तिथे मी बोलले नाही. इथे बोलते.

रशियाचा दबदबा खराच आहे. २००० ते २०१६ अशी सलग पाच ऑलिंपिक वैयक्तिक सुवर्णं त्यांची. पण त्यातल्या पाचव्या सुवर्णाची मानकरी कोण? मार्गारिता मामुन. तिचे वडील बांगलादेशातल्या राजशाहीचे. २०१६ च्या त्या रिओ ऑलिंपिकला तिच्याच संघातली याना कुद्र्यावत्सेवा, तीन वेळची जगज्जेती, दोन फेऱ्यांनंतर पुढे होती. तिसऱ्या फेरीत तिच्या हातून क्लब सुटला आणि सुवर्ण मार्गारिताकडे आलं. हाडंच बघायची तर त्या मुलीची अर्धी हाडं पद्मेच्या काठची आहेत.

पुढच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तर रशियाच्या मुली होत्या, तरी इस्राएलची लिनॉय अश्राम जिंकली. तिला १०७.८०० गुण, रशियाच्या दिना अवेरिनाला १०७.६५०. शेवटच्या रूटीनमध्ये लिनॉयची रिबन हातातून सुटली होती, त्यामुळे त्या निकालावर पुष्कळ वाद झाला. तो वाद मला इथे उकरायचा नाही. मला तो ०.१५० चा फरक लक्षात ठेवायचाय, त्याच्याकडे पुन्हा येते.

पॅरिसला २०२४ मध्ये जर्मनीची दार्या वार्फोलोमीव्ह सुवर्ण घेऊन गेली, अवघ्या सतराव्या वर्षी. कुणी म्हणेल, तिचा जन्म सायबेरियातल्या बर्नाऊलचा, बाराव्या वर्षी ती जर्मनीत आली. बरोबर आहे. मग कांस्यपदक बघा. इटलीची सोफिया राफाएली घडली फाब्रियानोच्या क्लबमध्ये. फाब्रियानो हे कागदासाठी प्रसिद्ध असलेलं गाव, वस्ती आपल्या सिन्नरपेक्षा कमी! सांघिक सुवर्ण चीनला मिळालं, या खेळातलं आशियाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. आणि वैयक्तिक रौप्य बल्गेरियाच्या बोर्याना कालेइनचं. टोकियोत सांघिक सुवर्णही बल्गेरियाचंच होतं. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या पासष्ट लाखांच्या आसपास. आपल्या नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत एकसष्ट लाख होती. हा आकडा मी लेकीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलाय.

आणि लवचीकपणाचं आपल्याला कुणी सांगावं? पेशवाईत मल्लखांब पुन्हा उभा करणारे बाळंभटदादा देवधर इथेच, वणीच्या सप्तशृंगी गडावर साधनेला बसले होते आणि तिथेच त्यांना ही विद्या मिळाली, असं परंपरा सांगते. यशवंत व्यायामशाळेतल्या मुली दोरीच्या मल्लखांबावर जे करतात ते जाऊन बघा आणि मग हाडांबद्दल बोला.

आता त्या ०.१५० कडे. फेकलेली वस्तू हवेत असताना दोन गिरक्या तर हव्यातच, त्यापुढच्या प्रत्येक गिरकीला ०.१० गुण वाढतो. म्हणजे टोकियोतलं सुवर्ण आणि रौप्य यांत दीड गिरकीचं अंतर होतं. गिरकीला वेळ लागतो, आणि वेळ मिळतो तो उंचीतून. आमच्या कार्यालयाचं छत बारा फुटांवर आहे. तिथे लेकीचा बॉल हवेत जेमतेम सव्वा सेकंद राहतो. तोच हातापासून सात मीटर वर गेला तर जवळजवळ अडीच सेकंद मिळतात. त्यामुळे माझी मुलगी गिरकी चुकत नाही, तिला ती शिकायलाच मिळत नाही. बाहेरगावी स्पर्धेला उंच हॉलमध्ये गेली की पहिला अर्धा तास तिचा हात बिचकतो, छत नाहीये हे हाताला पटत नाही. गेल्या वेळी बॉल इतका खाली फेकला की पहिली गिरकी संपायच्या आत तो खांद्यावर येऊन आदळला. शिकवणाऱ्या ताईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "चूक तुझी नाही, कार्यालयाची आहे."

शिवाय लग्नाची तिथी दाट असली की सराव बंद. तुळशीचं लग्न झालं की आमच्या मुलींचा सीझन संपतो. कार्यालयाच्या मालकांना दोष नाही, त्यांचा तो धंदा आहे, उलट परवडेल तेवढ्यात ते आम्हाला हॉल देतात.

एक गोष्ट मात्र त्या देशांकडून मला अजिबात नकोय. २०२२ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संघातल्या माजी मुलींनी उघड सांगितलं की रोज वजन करायचे, सगळ्यांसमोर हिणवायचे, त्या उपाशी राहायच्या. ते वाचून मी दोन रात्री झोपले नव्हते. आमच्या ताई मुलींचं वजन करत नाहीत आणि सरावानंतर डबा संपल्याशिवाय कुणाला गाडीवर बसू देत नाहीत. वाढत्या अंगाच्या पोरीला भाकरी मोजून देऊन मिळणारं पदक मला माझ्या घरात नको. पदक दहा वर्षं उशिरा येऊ दे, नाही आलं तरी चालेल, पण पोर पोटभर जेवलेली हवी.

तर माझी मागणी एवढीच आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत कितीतरी शेड पंचवीस-तीस फूट उंच आहेत. त्यातल्या काही बंद पडून आहेत, काही पहिल्या पाळीआधी रिकाम्या असतात. कुणाच्या ओळखीत अशी एखादी असेल तर पहाटे साडेपाच ते साडेसात, एवढीच वेळ हवी. चौदा मुली आहेत. कार्पेट आमचं, झाडलोट आम्ही आया करू, कार्यालयाला देतो तेवढं भाडं आणि विजेचं बिल देऊ. फरशी सपाट असावी आणि वर मधोमध पंखा किंवा क्रेनचा हूक नसावा. मोजायला मी स्वतः येईन, टेप घेऊन. इनबॉक्स करा किंवा खाली कमेंटमध्ये लिहा, आणि नाशिकच्या ग्रुपवर पुढे पाठवा.